चौतीस पिनांचा अंबाडा

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा घरात दोन गोष्टी एका बैठकीत नक्की झाल्या. मुहूर्त सकाळी 9 वाजून 12 मिनिटांचा, आणि करवली मी. करवलीचं काम तसं अवघड नाही. हातात कलश धरायचा, नवरदेवाच्या मागे उभं राहायचं आणि आईकडे बघून रडायचं नाही. पण नवरदेव अंतरपाटाकडे तोंड करून उभा, त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे तीनशे माणसं. म्हणजे मंगलाष्टकं संपेपर्यंत तीनशे माणसांना बघायला दुसरं काही नाही, माझा अंबाडा आहे.

आणि मला अंबाडा नाही.

माझे केस विरळ नाहीत, हे मी कळायला लागल्यापासून लोकांना समजावत आले आहे. डोक्यावर चारचौघींसारखे लाखभर असतीलच. फक्त एकेक केस इतका बारीक की मिलिमीटरचा विसावा भाग भरला तरी पुष्कळ. असे लाखभर एकत्र बांधले की करंगळीएवढा शेपटा होतो. शाळेत दोन वेण्या वर बांधून रिबिनी लावायच्या असत. माझ्या रिबिनींची फुलं झकास फुलायची, वेण्या मात्र फुलांच्या देठांसारख्या दिसायच्या. आजी त्यांना प्रेमाने उंदराच्या शेपट्या म्हणायची. माका झाला, ब्राह्मी झाली, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला. रसाने एवढंच झालं, की महिनाभर बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली.

पार्लरमध्ये जाऊन आले, नाही असं नाही. तिथल्या ताईंनी माझा शेपटा दोन बोटांत धरला, जरा तोलून बघितला, सोडला आणि विचारलं, "बाकीचे?"

तेव्हा ठरवलं, आपला अंबाडा आपणच घालायचा.

तीन आठवडे दर रविवारी तालीम केली. मोबाइलवर बघितलं, तर 'माझे केस फारच बारीक आहेत' असं म्हणणारी प्रत्येक मुलगी पुढच्याच क्षणी घोड्याच्या आयाळीसारखं काहीतरी मोकळं सोडायची. तरी शिकण्यासारखं होतंच. पहिलं म्हणजे ज्या दिवशी अंबाडा घालायचा त्या दिवशी केस धुवायचे नाहीत. ताजे धुतलेले बारीक केस म्हणजे शेवाळलेली पायरी, पिन ठरतच नाही. आदल्या दिवशी धुवायचे आणि मुळाशी उलटा कंगवा मारून थोडा गुंता स्वतःच्या हाताने करून ठेवायचा. ज्या गुंत्यासाठी लहानपणी आईचे धपाटे खाल्ले तो आता मुद्दाम करायचा. दुसरं, काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची असते, कारण केस तीच धरते. मी पस्तीस वर्षं ती दिसायला चांगली म्हणून वर ठेवत होते. म्हणजे थोडा दोष केसांचा नव्हताच. पण हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या रविवारी कमाल झाली. बटा गरम सळीवर वळवल्या, उलटा कंगवा मारला, मध्ये अंबाडा फुगवायचा स्पंजचा गोल डोनट घातला, चौतीस पिना खोचल्या. अंबाडा पाच तास टिकला. मी त्यात पोळ्या केल्या, मंडईत जाऊन आले, शेवटी नवऱ्यासमोर मान उडवून दाखवली.

"छान," तो म्हणाला. "काही केलंयस का?"

एवढ्या तयारीत एक गोष्ट राहून गेली. तालीम पुण्यात, एप्रिलच्या कोरड्या हवेत झाली होती आणि लग्न दादरला, मे महिन्यात होतं.

केसाला वळण लागतं ते आतल्या बारीक बंधांमुळे. उष्णतेने ते सुटतात, केस गार होताना नव्या आकारात जुळतात. हेच बंध पाण्यानेही सुटतात आणि मुंबईच्या मे महिन्यात पाणी नळाला नसलं तरी हवेत असतं. पहाटे साडेपाचला कार्यालयाच्या खोलीत मी पहिली बट वळवली. सळीवरून सुटली तेव्हा स्प्रिंग होती. मी दुसरी वळवेपर्यंत पहिली सरळ होऊन गालाला चिकटली. पाचवी झाली तेव्हा पहिल्या चार जणींनी जणू एकमेकींना विचारून माघार घेतली होती.

खोलीत आम्ही अकरा जणी आणि आरसा एक. शेवटचा उपाय म्हणून मी स्प्रे मारला. दहा जणी खोकल्या. केस होते तिथेच होते, शेजारी झोपलेला भाचा मात्र शिंकत उठला.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी मला आरशात निरखलं, काही न बोलता बॅग उघडली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात माझ्या आजीचं गंगावन होतं. काळंभोर, हातभर लांब, चार डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात ठेवलेलं.

"मला वाटलंच होतं लागेल," काकू म्हणाल्या.

माझे केस तपकिरी, गंगावन कोळशासारखं. "वरून गजरा आला की कोण बघतंय," असं म्हणत काकूंनी ते माझ्या शेपटीला गच्च बांधलं. बांधताना डोळ्यांच्या कडा कानांकडे ओढल्या गेल्या आणि वय पाच वर्षांनी कमी दिसू लागलं, हा फायदा मोजायला हवा. मामा दादरच्या फुलबाजारातून पहाटेच मोगऱ्याचे गजरे घेऊन आले होते. चांगले ओले, घसघशीत. माझ्यासाठी दोन. पहिला माळल्यावर डोकं किंचित मागे गेलं. दुसऱ्यानंतर मला छताचा पंखा दिसायला लागला.

गजऱ्याचं वजन केसांनी पेलायचं असतं, ही कल्पना दाट केसांच्या बायकांनी काढलेली असणार.

नऊ वाजता मी कलश घेऊन उभी राहिले. वाजंत्री थांबली, अंतरपाट धरला गेला, पहिलं 'सावधान' झालं आणि अक्षता आल्या. दुसऱ्या सावधानला अंबाडा एका पेराने खाली आला. मला स्पष्ट कळलं. मी हनुवटी वर केली. तिसऱ्या सावधानला आणखी एक पेर. बाकी लोक वधूवरांसाठी ऐकत होते, मला मात्र गुरुजी प्रत्येक कडव्याला नाव न घेता बजावत होते. मान मोकळी सोडली असती तर आजीचं गंगावन होमाच्या दिशेने गेलं असतं, म्हणून मी उरलेली मंगलाष्टकं डोकं उजव्या खांद्याकडे कलतं ठेवून काढली. फोटोत मी भावाकडे मायेने बघते आहे असं सगळे म्हणतात.

आणि तो वास. माणसांची ऊब लागली तशा डांबरगोळ्या जाग्या झाल्या. माझ्या मागे कुजबुज झाली, "कुणाच्या शालूला डांबरगोळीचा वास येतोय गं?" कलत्या मानेने मला दिसलं, तीन बायकांनी आपापला पदर नाकाला लावून बघितला आणि चौथीने तिसरीकडे संशयाने पाहिलं. मीही हळूच माझा पदर हुंगला. लोकांना दिसायला हवं ना.

पंगतीत सगळ्यांच्या तोंडी नवरीचा अंबाडा. नारळाएवढा, तुळतुळीत, त्यावर सोन्याची फुलं. काकू ताटावरूनच मला म्हणाल्या, "केस बघ. असे हवेत." मी जिलबी खाल्ली.

गृहप्रवेश होईपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. पाहुणे जागा मिळेल तिथे आडवे झाले. मी आतल्या खोलीत बसून पिना काढत होते. बत्तीस सापडल्या, दोन बेपत्ता. केसांतून अक्षता गळत होत्या आणि माझ्या मांडीवर मूठभर तांदूळ जमले होते. दार उघडून नवरी आली.

"ताई, मदत करता का? मानच हलवता येत नाहीये."

मी तिच्या मागे बसले. सोन्याची फुलं काढली. एक जाळी निघाली. जाळीखाली डोनट निघाला, त्याच्याखाली दुसरा डोनट, मग स्पंजचा एक पाव, मग दोन गंगावनं. पिना मोजायच्या मी सत्तावन्नला सोडून दिल्या. सगळ्यात आत, रबरबँडने बांधलेली, एक शेपटी होती. करंगळीएवढी.

आम्ही दोघी आरशात एकमेकींकडे बघत राहिलो.

"कांद्याचा रस?" मी विचारलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

मग तिने शेजारी पडलेलं आजीचं गंगावन कौतुकाने उचललं, नाकाजवळ आलं तशी थबकली आणि माझ्याकडे वळली.

"अहो ताई, म्हणजे तो वास तुमचा होता? मी सकाळपासून आईला दोनदा बोलले, शालू वाऱ्यावर टाकला नाहीस म्हणून!"