खरारा

मागच्या महिन्यात एमबीबीएसच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. मी, हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, समोर तपकिरी घोडी. खाली लिहिलं, 'थकल्या-भागल्या डॉक्टरांसाठी घोड्यांची कार्यशाळा.' लगेच सोलापूरच्या मित्राचं उत्तर आलं : 'आमच्याकडे नंदीबैल आहे, चालेल का?'

हसू येणारच. निवासी डॉक्टर ३६ तासांची ड्यूटी करून वॉर्डातल्या बाकड्यावर आडवे होतात, त्यांना घोडा दाखवणं ही चेष्टाच वाटेल.

इथे अमेरिकेत मात्र हे नवं नाही. ॲरिझोना विद्यापीठाचे न्यूरोसर्जन ॲलन हॅमिल्टन आणि स्टॅनफर्डच्या डॉ. बेव्हर्ली केन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना पेशंटशी वागणं शिकवायला केव्हाच घोड्यांपाशी नेलं. घोड्यावर बसायचं नसतं. खरारा करायचा, दोर धरून चार पावलं चालवायचं, एवढंच.

मी भूलतज्ज्ञ. म्हटलं, यात काय विशेष? दोर धरला आणि निघाले. घोडी जागची हलेना. ओढलं, तर मान वर आणि कान मागे. शिकवणारी बाई म्हणाली, "तुम्ही तिच्याकडे एकदा तरी पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. ऑपरेशन थिएटरमधून रिकव्हरी रूममध्ये जाते त्याच चालीने निघाले होते, श्वास छातीत अडकलेला. घोडा म्हणजे मुळात शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, कान सतत फिरते. समोरच्याच्या अंगातला ताण त्याला लगेच जाणवतो, आणि तुमच्या डिग्रीची त्याला पत्रास नसते. मी थांबले, खांदे सैल सोडले. थोड्या वेळाने तिचे कान माझ्याकडे वळले, तिने ओठ चाटले आणि दोर सैल असतानाच चालू लागली.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार विझून जाणं, मोजायची प्रश्नावली मांडली. तिचे तीन भाग : मनाचा थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकव्याबद्दल आपण सगळेच बोलतो. कोरडेपणाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्या आठवड्यात मी एका आजोबांना 'चार नंबरचा हर्निया' म्हणत होते. ते घोडीपाशी उभी असताना आठवलं आणि कान तापले.

आता दुसरी बाजू. कार्यशाळेचे पैसे हॉस्पिटलने भरले. सोमवारी ड्यूट्यांचं रोस्टर जसंच्या तसं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार नव्हे, तर कामाशी निगडित बाब म्हटलं. म्हणजे दुखणं कामाच्या जागी, आणि मलम माझ्या कपाळाला!

'आमच्या वेळी आम्ही नाही का काढले छत्तीस-छत्तीस तास?' हा ग्रुपवरचा पुढचा बाण. काढले की, मीही काढले. पण निवासी डॉक्टरांना सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा केंद्राचा आदेश १९९२ चा आहे. आम्ही कॉलेजात होतो तेव्हाही तो होताच, फक्त आम्हाला कोणी सांगितला नाही. अमेरिकेनेही ऐट मिरवू नये. इथे २००३ पासून निवासी डॉक्टरांची मर्यादाच आठवड्याला सरासरी ८० तासांची आहे.

मग एकाने सुचवलं, माथेरानला डॉक्टरांचं शिबिर घेऊ, घोडे आयतेच आहेत. मी लिहिलं, तिथले घोडे दिवसभर पर्यटक आणि सामान वाहतात, त्यांचे तास कोण मोजतं? दमलेल्यापाशी दमलेल्याला नेऊन काय साधणार? त्यावर ग्रुप गप्प.

माझी भाची पुण्यात मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. तिलाही फोटो पाठवला होता, खाली त्या कोरडेपणाबद्दल दोन ओळी. तिसऱ्या दिवशी पहाटे उत्तर आलं : 'मावशी, आत्ता सुटले. घोडा नको, एक अख्खा रविवार पाहिजे. पण ते कोरडेपणाचं काय म्हणालीस, ते परत सांग ना.'