ऋण तीन तासांत भरणारा हौद

लातुरात राहून पोरीनं गणितासाठी बापापुढं बसणं म्हणजे कारखान्याच्या दारात राहून साखर उसनी मागणं आहे. बाहेरगावची पोरं इथं खोली करून, मेसचा डबा खाऊन शिकायलीत. आणि आमचं कन्यारत्न रात्री जेवणाची ताटं उचलायच्या आत वही पुढ्यात टाकतं. "पप्पा, एवढं एकच." ते एकच कधीच एक नसतं.

दहावीचं गणित दोन भागांत असतं. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, लेखी ४० आणि ४०. नुसतं समीकरण दिलं तर माझं काही म्हणणं नाही. शाब्दिक उदाहरण आलं की घरातली सगळी माणसं त्यात शिरतात.

परवाचंच घ्या. "दोन नळ एकत्र सोडल्यास हौद ६ तासांत भरतो. मोठ्या नळाला लहान नळापेक्षा ५ तास कमी लागतात. तर प्रत्येक नळाला एकट्याने हौद भरण्यास किती तास लागतील?"

दोन नळ. एकत्र. सलग ६ तास!

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कुठला वॉर्ड हाय म्हणं हा?"

तिचं चूक नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिऊन राहिलेलं गाव हे. त्या 'जलदूत' गाडीच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर, ५० वाघिणी लागल्या की २५ लाख. एवढा गुणाकार तेव्हा घागर घेऊन रांगेत उभं असलेलं शेंबडं पोरही तोंडी करायचं.

मी मनातल्या मनात अंदाज बांधला: १५ आणि १०. एक पंधरांश अधिक एक दशांश बरोबर एक षष्ठांश. जमलं! पोरीनं माझ्याकडं कीव आल्यागत बघितलं. "उत्तराला एक मार्क असतो पप्पा. बाकीचे पायऱ्यांचे. 'समजा' लिहा."

लिहिलं. समजा, लहान नळाला एक्स तास लागतात, म्हणून मोठ्याला एक्स वजा ५. लहान नळ तासाला हौदाचा एक छेद एक्स भाग भरतो, मोठा एक छेद एक्स वजा ५ भाग, आणि दोन्ही मिळून एक षष्ठांश. छेद काढून टाकत टाकत, दोनदा खोडरबर घासून आम्ही पोचलो: एक्सचा वर्ग वजा १७ एक्स अधिक ३० बरोबर शून्य. अवयव पाडले. एक्स बरोबर १५ किंवा २.

२ घेतला तर मोठ्या नळाला २ वजा ५, म्हणजे ऋण ३ तास लागतात. म्हणजे चावी फिरवायच्या तीन तास आधीच हौद काठोकाठ! मी पेन खाली ठेवला. एवढा गुणी नळ उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पोरीनं मात्र निर्विकारपणे लिहिलं, 'परंतु वेळ ऋण नसतो, म्हणून एक्स बरोबर २ ग्राह्य नाही,' आणि पट्टी लावून सरळ रेघ मारली.

"कामून ग्राह्य नाही?" बायको आता हात पुसत बाहेरच आली होती. "ऱ्हाऊ द्या की तो. आपल्याकडं बसवू."

भूमितीला आण्णा जागे होतात. आण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म औशाकडच्या रानात गेला. पोरीच्या सरांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं गणित दिलं होतं. हा ग्रंथ ११५० सालचा. म्हणजे हा छळ चांगला जुना आहे. ३२ हात उंच बांबू वाऱ्यानं मोडला, त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला?

"बांधावरचा व्हता का?" आण्णांनी विचारलं.

"तसं काही दिलेलं नाही, आजोबा."

"मग सोडिवता कसं?"

पोरीनं आकृती काढली. उभा भाग एक्स, मोडलेला ३२ वजा एक्स, जमिनीवर १६, बुंध्याशी काटकोन. पायथागोरस लावला, दोन्हीकडचा एक्सचा वर्ग उडाला, १०२४ वजा ६४ एक्स बरोबर २५६, एक्स बरोबर १२. आण्णांनी बोटं मोडत हिशेब केला. "बारा, सोळा, वीस. तीन-चार-पाचची चौपट. गवंडी सुतळीनं असाच गुण्या काढतो. त्याला कशाला पायऱ्या पाहिजेत?" पोरगी गप्प. मला आतून फार बरं वाटलं.

पण आण्णांचं अजून संपलं नव्हतं. "म्हणजे वीस हात बांबू शेजाऱ्याच्या रानात आडवा. तो आता कुणाचा?"

"ते विचारलेलं नाही, आजोबा. सिलॅबसमध्ये नाही."

"तेच तर खरं गणित हाय," आण्णा म्हणाले, "तलाठ्याला इचारून ये, मग वही मिट."