बातमी दाखवा, बाकडं काय दाखवता!

आमच्या घरात संध्याकाळी सात ते दहा बातम्यांचं चॅनेल चालू असतं. नानांना सवयच आहे, जेवणसुद्धा त्याच्यासमोर. आणि त्या तीन तासांत रोज माझं डोकं फिरतं. इतके दिवस गिळलं, आज लिहूनच टाकतो.

८ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ घ्या. आदल्या दिवशी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. सकाळी आमच्या नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, मुंबई-आग्रा हायवे अडवला. माझा मामा निफाड तालुक्यातला. लाल कांद्याने भरलेला ट्रॅक्टर घेऊन तो सकाळपासून अडकलेला, फोन लागत नव्हता. आई म्हणाली, "टीव्ही लाव रे, काहीतरी दाखवत असतील." लावला. दीड तास बघितला. काय दाखवत होते? नवाब मलिक विधानसभेत कुठल्या बाकावर बसले! नागपूरला अधिवेशन सुरू झालेलं, जामिनावर बाहेर असलेले मलिक सत्ताधारी बाकावर दिसले म्हणून फडणवीसांनी अजित पवारांना पत्र लिहिलेलं. ठीक आहे, बातमी आहे, दहा मिनिटं द्या. पण सभागृहाचा तोच तुकडा, मलिकांभोवती लाल गोल काढून, बाण दाखवून, किती वेळा? सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडतायत, एकाचंही वाक्य पुरं ऐकू येत नाही, आणि निवेदक त्यांच्यावर कडी करतोय.

आणि कांदा? खालच्या पट्टीत. 'कांदा उत्पादक आक्रमक.' तीन शब्द. ते सरकत गेले की त्यांच्यामागून एका ज्वेलर्सची जाहिरात.

या 'आक्रमक' शब्दाचा मला आता तिटकारा आलाय. शेतकरी आक्रमक, अंगणवाडी सेविका आक्रमक, स्पर्धा परीक्षांची पोरं आक्रमक. का आक्रमक, ते कोण सांगणार? सकाळी भाव काय फुटला, काल काय होता, क्विंटलमागे किती गेले, हे विचारायला एक माणूस बाजार समितीत उभा करता येत नाही? नाही करता येत, कारण माणूस पाठवायला गाडी लागते, कॅमेरा लागतो, पगार लागतो. सहा जणांना घरबसल्या ऑनलाइन घेऊन भांडायला लावणं स्वस्त पडतं, आणि भांडण लागलं की रिमोट हातातच राहतो.

त्या रिमोटचा हिशोब होतो कुठे, तेही बघा. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. कोण काय बघतं ते मोजणारे मीटर बसवलेत ५८ हजारांच्या आसपास घरांत. बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचा आकडा, म्हणजे टीआरपी, तिथून निघतो, जाहिरातीचा दर त्या आकड्यावर ठरतो. आता त्या ५८ हजारांतून बातम्यांची चॅनेलं बघणारी किती, त्यातली मराठी बघणारी किती? उरतात मोजकी घरं. दहा-वीस घरांत आवड इकडची तिकडे झाली तरी एक चॅनेल वर आणि दुसरं खाली. मग दर गुरुवारी आकडे आले की प्रत्येकजण आपापल्या सोयीची वेळ आणि आपापल्या सोयीचा वयोगट पकडून 'आम्हीच नंबर वन'ची पाटी लावणार. सगळेच नंबर वन! मग दुसरा कोण?

आमचा सेट टॉप बॉक्स चालू केला की आपण न मागता एक ठरावीक चॅनेल आधी लागतं. केबलवाल्याला विचारलं तर म्हणे, "ते वरूनच तसं येतं, दादा." वरून कसलं येतंय? त्या जागेचे चॅनेलवाले पैसे मोजतात. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ च्या डिसेंबरात हे बंद करायचा आदेश काढला होता, पुढच्या वर्षी दूरसंचार न्यायाधिकरणाने तो रद्द केला. म्हणजे मी मामाची काळजी करत घाईघाईने बटण दाबलं, तेही कुणाच्या तरी फायद्याचं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, मीटरवाल्या घरांना ठरावीक चॅनेल लावून ठेवायला महिन्याला चारपाचशे रुपये देतात म्हणून. केवढा गदारोळ झाला! सरकार बदललं, २०२४ मध्ये खटलाच मागे घेतला गेला. खरं काय होतं ते आपल्याला कळलंच नाही, आणि एकाही चॅनेलला त्याचा पाठपुरावा करावासा वाटला नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणानंतर बार्कने बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे देणंच थांबवलं होतं, थेट मार्च २०२२ पर्यंत. जवळपास दीड वर्ष. त्या दीड वर्षात आरडाओरडा कमी झाला? रतीभरही नाही. आकडेच नव्हते, मग ओरडत कुणासाठी होते?

म्हणून नुसत्या टीआरपीवर खापर फोडणाऱ्यांचं मला पटत नाही. मालक कोण आहे ते बघा. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं, २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानींकडे. आपल्याकडच्या चॅनेलांमागेही उद्योगपती आहेत, राजकारणातली घराणी आहेत. शिवाय सरकारी जाहिराती. मग एकाच सभेला एका चॅनेलवर 'अलोट गर्दी' आणि दुसऱ्यावर रिकाम्या खुर्च्या, यात नवल काय? सत्तेतला माणूस आला की "साहेब, एवढी ऊर्जा कुठून आणता?" आणि विरोधातला आला की दरडावून "उत्तर द्या, महाराष्ट्र विचारतोय!" महाराष्ट्राने कधी विचारलं? महाराष्ट्र तेव्हा हायवेवर ट्रॅक्टर लावून उभा होता. आणि सरकार बदललं की हाच आवाज मागच्या सरकारवर उलटतो. नाना म्हणतात, "अरे, सगळे सारखेच, सोडून दे." का सोडू? दर महिन्याला केबलचे पैसे मी भरतो.

तक्रार करा म्हणतात. करा ना. चॅनेलांच्या संघटनेनेच नेमलेली समिती, आणि २०२३ मध्ये दंड होता जास्तीत जास्त एक लाख रुपये. एका संध्याकाळच्या जाहिरातींपुढे एक लाख म्हणजे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा एवढ्या दंडाने कुणाला जरब बसणार, असं विचारलं.

पण ज्या रात्रीमुळे मी हे लिहायला बसलो ती गेल्या वर्षीची, ८ मे २०२५ ची. माझा मावसभाऊ सैन्यात आहे, तेव्हा जम्मूकडे होता. तिकडे पाकिस्तानचे ड्रोन आले, ब्लॅकआऊट झाला, एवढं खरं होतं. आमच्या समोरच्या चॅनेलने त्यावर भोंगा लावला. युद्धाचा सायरन, खऱ्यासारखा, दर दोन मिनिटांनी. आई ओट्याशी होती. पहिला आवाज झाला तशी हातातली पळी टाकून धावत बाहेर आली आणि गॅलरीचे दिवे घालवायला लागली. आदल्याच दिवशी राज्यात मॉक ड्रिल झालेलं, तिला वाटलं खरंच वाजला. हात थरथरत होते तिचे. पडद्यावर तेव्हा कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं, लाल अक्षरांत, मागे कुठल्या तरी स्फोटाची चित्रं. मावशीचा फोन आला, ती रडत होती. आता तिकडून उलटा मारा होणार आणि माझा पोरगा तिथे, एवढंच बोलत होती.

दोन दिवसांनी केंद्राला लेखी सांगावं लागलं की कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नका. सांगावं लागलं! एवढी अक्कल आपली आपल्याला नसावी?

मावसभावाचा मेसेज पहाटे आला. ठीक होता. कराची बंदरही जागच्या जागी होतं. सकाळी सात वाजता मी तेच चॅनेल मुद्दाम लावलं, दहापर्यंत बघत बसलो, की रात्री चुकलो असं एक वाक्य तरी म्हणतील. कराचीचं नावच नाही. मावशी त्या रात्री ज्या बातमीने रडली ती खोटी होती, हे तिला मला फोन करून सांगावं लागलं.