रिपोर्टची पिशवी सोडू नका

हे बघा, तब्येतीचे कागद मोबाईलमध्ये ठेवायच्या भानगडीत पडूच नका. आभा नंबर, म्हणजे तब्येतीचे कागद ऑनलाईन जोडून ठेवायचा सरकारी नंबर, मात्र जरूर काढा. सप्टेंबर २०२१ मध्ये हे देशभर सुरू झालं, आधारचा ओटीपी टाकला की १४ आकडे हातात, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गॅलरीत गणपतीच्या फोटोंखाली गाडून टाका. कोणी विचारलंच तर म्हणायचं, "हो हो, ते पाच लाखवालं कार्ड ना, आहे माझ्याकडे." ते उपचाराच्या खर्चाचं आयुष्मान कार्ड वेगळं नि आभा वेगळं, पण एवढ्या खोलात कशाला शिरायचं.

रिपोर्टसाठी साडीच्या दुकानाची पिशवीच बरी. गोखले रोडवरची असेल तर उत्तम, बंद तुटत नाहीत. एक्सरेची गुंडाळी, त्यात रक्ताचे रिपोर्ट, मध्येच एखादं लाईटबिल, असं सगळं मांडीवर घेऊन ठाण्याहून लोकलने नेरूळच्या स्पेशालिस्टकडे जायचं आणि तिथे पोचल्यावर कळायला हवं की नेमकी सोनोग्राफी घरी टीव्हीखाली राहिलीये. मग परत करायची. सेंटरवाल्यांनाही पोट आहे.

आभात म्हणे कुठले कागद कोणाला, किती दिवस दाखवायचे याची तुमची परवानगी विचारतात, नंतर ती काढूनही घेता येते. कशाला एवढे सोपस्कार? बाबांचा स्टूल रिपोर्ट मी डॉक्टरांऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कुणाची परवानगी लागली? उलट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच इसबगोल सुचवलं.

डॉक्टर मंडळींनीही बिचकू नये. पेशंटच्या मेसेजसाठी ॲप घेतलं असेल तर पासवर्ड फक्त रिसेप्शनिस्टकडे ठेवा आणि मग तिला नोकरी सोडू द्या. (बाहेर साठ माणसं ताटकळत असताना टाईप करत कोण बसणार, त्याची फी पण कोणी देत नाही, हे मला पटतं हां.) व्हॉट्सॲप आहेच की. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-मेसेजवरून सल्ला देण्याच्या, नियमांत त्याला बंदी नाही, फक्त काय सल्ला दिला त्याची नोंद ठेवायला सांगितलीये. आईने विचारलं होतं, "बीपीची गोळी अर्धी करू की आहे तशीच घेऊ?" रात्री पावणेबाराला उत्तर आलं, नुसता अंगठा. अख्खं घर अर्थ लावत बसलं. बाबा म्हणे अर्धी, आई म्हणे अख्खी, वहिनी म्हणे चुकून दाबला गेला असेल. आता ह्या अंगठ्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते तुम्हीच ठरवा.

आणि कागदाला काही होत नाही, हे कायम लक्षात ठेवा. परवा बाबांचा जुना ईसीजी मागितला, पिशवीत सापडला पण, प्लास्टिकमध्ये घालून जपलेला. थर्मल कागद, पार पांढराशुभ्र झालेला. डॉक्टरांनी उजेडात धरला, उलटा करून बघितला, म्हणाले, "ह्यात तर काहीच नाही."

बाबा खूश. "म्हणजे नॉर्मल ना?"