'पाट्या टाकणं' म्हणणाऱ्या वाचकाला : फॅनी क्रॉसबी, आठ हजार गाणी आणि माझे बाबा

अमेरिकेतली अंध भक्तिगीतकार फॅनी क्रॉसबी, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक कॉमेंट आली. नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. तिथेच दोन ओळीत उत्तर देणार होते पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी ती कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

"ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. क्रॉसबीचा जन्म १८२३ चा नाही, १८२० चा. भोंदू डॉक्टरने डोळे घालवले ही गोष्ट तुम्ही डोळे झाकून छापलीत, ती जन्मांधच असावी असं आता मानतात. नवऱ्याबद्दल काहीच नाही. आणि आठ हजार गाणी लिहिणाऱ्या बाईला कवयित्री म्हणायचं? ही कविता नव्हे, पाट्या टाकणं आहे. त्याच काळात त्याच देशात एमिली डिकिन्सन होऊन गेली, लिहायचंच तर तिच्यावर लिहा."

आधी ते 'ताई'. माझं नाव लेखावर आहे, माझं वय तुम्हाला माहीत नाही, आपली ओळख नाही. आपल्याकडे ऑनलाइन बाईला 'ताई' म्हटलं की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते असं एक दिसतं. 'ताई, जरा अभ्यास करा.' 'ताई, तुमचा गैरसमज झालाय.' पुरुषाने लिहिलेल्या लेखाखाली 'दादा, जरा अभ्यास करून लिहीत जा' असं लिहिलेलं मी तरी कधी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलं असेल तर लिंक द्या. आणि 'डोळे झाकून छापलीत' हे एका अंध बाईबद्दलच्या लेखाखाली लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही याची मला कमाल वाटते. मुद्दाम लिहिलंत की सुचलंच नाही, कुठलं जास्त वाईट ते तुम्हीच ठरवा.

असो. जन्मसालाचं तुमचं बरोबर आहे. २४ मार्च १८२०. माझ्या वहीत १८२०च लिहिलंय, टाइप करताना ३ झाला. दुरुस्त केलंय आणि खाली तशी नोंदही टाकलीय. चूक झाली की मी मान्य करते, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

डॉक्टरचं म्हणाल तर, सहा आठवड्यांची असताना डोळे आले, गावातला नेहमीचा डॉक्टर नव्हता, डॉक्टर म्हणवणाऱ्या कोणीतरी मोहरीचं गरम पोटीस लावलं, ही हकीकत ती स्वतः सांगायची आणि मी ती तिची म्हणून दिली. जन्मापासून दिसत नसेल तर नसेल. त्याने तिच्या एका तरी गाण्यातला एक शब्द बदलतो का? मग झालं तर. नवऱ्याबद्दल 'काहीच नाही' हे तर चूकच आहे, एक अख्खं वाक्य आहे, परत वाचा: अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाइन, तोही अंध, संगीताचा शिक्षक, लग्न १८५८, एक मूल झालं ते तान्हेपणीच गेलं, पुढे दोघं वेगवेगळे राहिले. लेख तिच्यावर होता.

आता मुख्य गोष्ट. पाट्या टाकणं.

तुम्ही हा शब्द सहज वापरलात हे मला कळतं, ऑफिसात आपण सगळेच वापरतो, सोमवारी सकाळी मीही म्हणते की चला पाट्या टाकायला. पण तुम्ही तो ज्या ठिकाणी वापरलात तिथे मी तो लहानपणी ऐकलाय, आणि त्या दिवसापासून तो मला खुपतो. माझे बाबा वाई तालुक्यातल्या एका छोट्या गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या लग्नांच्या मंगलाष्टका लिहून द्यायचे. छापील पुस्तकातल्या 'आता सावध सावधान समयो' वगैरे असतातच, पण लोकांना आपल्या घरच्या हव्या असायच्या, नवरानवरीचं नाव, दोन्हीकडचे आजीआजोबा, कुलदैवत, एखादी वारलेली आत्या, सगळं त्यात यायला पाहिजे. बाबा सायकलवर शाळेतून येताना मनात जुळवत यायचे आणि दारात सायकल लावता लावता 'घे गं लिहून' म्हणायचे. मी वही घेऊन तयार. तिसरीत होते तेव्हापासून हे काम माझ्याकडे.

मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्यात ओळीला एकोणीस अक्षरं आणि लघुगुरू ठरलेले. एकदा नवरी होती सुमन. तीन अक्षरं, तिन्ही लघु. आता या वृत्तात सलग तीन लघु येतात ते फक्त एकाच जागी, नववं, दहावं, अकरावं अक्षर. म्हणजे ओढाताण न करता सुमन बसणार ती तिथेच, आणि मग तिच्या आधीच्या आठ अक्षरांनी आणि नंतरच्या आठांनी काय म्हणायचं ते बघायचं. बाबांनी त्या नावासाठी तीन दिवस घेतले होते. मोबदला? नारळ आणि अकरा रुपये, पुढे पुढे एकावन्न. आणि आमच्याच घरातल्या एका शिकलेल्या माणसाने, ज्यांच्या कविता तेव्हा दोन अंकांत छापून आल्या होत्या, ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हटलं, "मास्तर काय, पाट्या टाकतात." बाबा हसले. मी वही मिटून आत गेले.

सुमनच्या लग्नात मी होते. मंगलाष्टका कोणी ऐकत नाही हे मलाही माहितीय, लोक अक्षता मुठीत धरून शेवटच्या 'सावधान'ची वाट बघत असतात, पोरं एकमेकांच्या डोक्यावर नेम धरत असतात. पण नववं-दहावं-अकरावं अक्षर आलं तेव्हा अंतरपाटाच्या अलीकडे ती मुलगी एकदम हुंदका देऊन रडली. त्या पूर्ण मांडवात ती एकच ओळ एका माणसाने ऐकली आणि ती तिच्यासाठीच होती. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा, तुमचा अभ्यास आहे.

म्हणून मला क्रॉसबी कळते. हिशोब तर करू. १८६४ मध्ये विल्यम ब्रॅडबरी या संगीतकार-प्रकाशकासाठी तिने ही भक्तिगीतं लिहायला सुरुवात केली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि १२ फेब्रुवारी १९१५ ला ती गेली. एक्कावन्न वर्षं. आठ हजार भागिले एक्कावन्न भागिले बावन्न करा, आठवड्याला तीन येतात. ब्रॅडबरी गेल्यावर त्याच्या धंद्याची बिग्लो अँड मेन ही कंपनी झाली, तिच्याशीही आठवड्याला तीनचाच करार होता. गाण्यामागे साधारण एक किंवा दोन डॉलर, मग ते पुस्तक कितीही खपो. आणि एकाच संग्रहात पानोपानी तिचंच नाव दिसायला नको म्हणून जवळजवळ दोनशे टोपणनावं. तुम्हाला ह्यात फॅक्टरी दिसते. मला दारात उभी सायकल दिसते.

ती लिहायची नाही हेही तुमच्या लक्षात आलं नसावं. डोक्यात पूर्ण रचना करायची, कधी एका वेळी अनेक, आणि मग कोणाला तरी सांगायची. लहानपणी आजीने आणि घरमालकिणीने तिच्याकडून बायबल पाठ करून घेतलं होतं, पहिली पाच पुस्तकं, चारही शुभवर्तमानं, बरीचशी स्तोत्रं. तिच्या ओळी साध्या वाटतात त्या ह्या साठ्यातून येतात. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत ती १८३५ ते १८५८, आधी विद्यार्थिनी मग शिक्षिका. १८५३ मध्ये तिथे एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा क्लार्क म्हणून लागला आणि फावल्या वेळात तिच्या कविता उतरवून घ्यायला लागला. त्याचं नाव ग्रोव्हर क्लीव्हलँड. तिचा लेखनिक पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, बाबांची लेखनिक आयटीत गेली, नशीब एकेकाचं.

ऑर्डर आली की लिहायचं, आणि पुष्कळदा आधी चाल मग शब्द. १८६८ मध्ये विल्यम डोन नावाचा संगीतकार घाईत तिच्याकडे आला, त्याला गाडी पकडायची होती, चाळीसेक मिनिटं हातात होती. त्याने चाल ऐकवली. ती म्हणाली ही चाल म्हणतेय 'सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस', आणि आत जाऊन अर्ध्या तासात गाणं घेऊन आली. येशूच्या कुशीत सुखरूप. आपलं मूल पुरलेल्या बाईला ती चाल ऐकून हेच शब्द सुचले, आणि मग ते गाणं कितीतरी मुलांच्या आणि मोठ्यांच्या अंत्यविधीत म्हटलं गेलं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या अंत्ययात्रेतही ते वाजलं. पाच वर्षांनी तसंच, फीबी नॅप ह्या मैत्रिणीने नवी चाल वाजवून दाखवली आणि विचारलं ही चाल काय म्हणते, क्रॉसबी म्हणाली 'ब्लेसेड अश्योरन्स', धन्य ती खात्री. आपल्या संगीत नाटकातली पदं काय आभाळातून पडली का? त्यातली पुष्कळशी दुसऱ्याच्या चालीवरच बसवलेली असायची, आणि आपण आजही डोळे मिटून मान डोलावतो.

आता कविता. एकच गाणं घेते, 'पास मी नॉट', १८६८ चं. ती तुरुंगात बोलायला गेली होती, तिथे एक कैदी मध्येच ओरडला की देवा, मला ओलांडून जाऊ नकोस. तिने ते घरी नेलं. गाण्यात काय आहे तर एवढंच, की तू बाकीच्यांना हाका मारतोयस, तशातच मला वगळून पुढे जाऊ नकोस. बघा, ती देवाला असं म्हणत नाही की मला दर्शन दे. तिला दिसत नाहीये, तिला ऐकू येतंय. देव आसपासच आहे, शेजाऱ्यांची नावं घेतली जातायत, आणि हिचं नाव अजून आलेलं नाही. सरकारी दवाखान्यात बाकावर बसून नंबराची वाट बघितलीय कधी? आत गेलेला प्रत्येक माणूस आपल्या नंतर आलेला होता असं वाटायला लागतं ना, ते. दोन ओळीत ते सगळं आलंय, आणि शब्द असे की तिसरीतल्या पोरालाही डिक्शनरी लागू नये. ह्याला तुम्ही पाट्या म्हणता.

आठ हजारात सगळी अशी नाहीत, अर्थात नाहीत. बरीचशी एकासारखी एक आहेत, तीच यमकं, तोच क्रूस, तोच किनारा. मी स्वतः तीनेकशेच वाचलीत आणि त्यातली दोनशे मला आठवत नाहीत. बाबांच्या मंगलाष्टकांतही 'सुखे नांदती' किती वेळा यायचं ते मीच लिहून घेतलंय. पण आपण कवीला त्याच्या शंभर वाईट ओळींवरून ओळखतो का चार चांगल्या?

आणि डिकिन्सन. तुम्हाला वाटलं हे नाव टाकलं की मी गप्प बसेन. अहो, डिकिन्सन माझी लाडकी आहे, माझ्या उशाशी आहे. जवळजवळ अठराशे कविता, जिवंतपणी छापल्या गेल्या जेमतेम दहा, बाकीच्यांपैकी कितीतरी स्वतः शिवलेल्या छोट्या वह्यांमध्ये. पण तिची वृत्तं मोजली आहेत का तुम्ही? एका ओळीत आठ अक्षरं, पुढच्या ओळीत सहा, परत आठ-सहा. चर्चमधल्या स्तोत्रांचं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं वृत्त, आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराचं, 'अमेझिंग ग्रेस' हे प्रसिद्ध स्तोत्र ज्यात आहे ते. डिकिन्सनच्या कितीतरी कविता त्या चालीवर सरळ म्हणता येतात, करून बघा, हसू येईल. आणि क्रॉसबीने आठ वर्षांची असताना जी पहिली कविता रचली, मला दिसत नसलं तरी मी किती सुखी जीव आहे, रडणं-उसासे टाकणं मला जमणार नाही आणि मी ते करणारही नाही, ती कुठल्या वृत्तात? आठ-सहा, आठ-सहा. दोघी एकाच विहिरीचं पाणी प्यायल्या. एकीने पेटीत ठेवलं, दुसरीने वाटून टाकलं. पेटीतलं तेवढं अस्सल असं तुम्हाला वाटतं कारण आपल्याकडे कवी म्हणजे ज्याला कोणी पैसे देत नाही तो, आणि ज्याला अकरा रुपये मिळाले तो मास्तर.

मी कनेक्टिकटमध्ये राहते. ब्रिजपोर्टच्या माउंटन ग्रोव्ह दफनभूमीत क्रॉसबीची कबर आहे, ऑफिसमधली एक आजी, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी, मला तिथे घेऊन गेली होती. त्याच दफनभूमीत सर्कसवाला बार्नम आहे, लोक येतात ते त्याला बघायला. क्रॉसबीचा मूळ दगड इतका छोटा की पाय लागेल. त्यावर 'आंट फॅनी' आणि 'तिला जे करता आलं ते तिने केलं', एवढंच. मोठा दगड नंतर, १९५५ मध्ये बसवला. आजीने वाकून छोट्या दगडावरची पानं हाताने बाजूला केली आणि गुणगुणायला लागली, आवाज फाटलेला, मधले शब्द विसरली तिथे नुसतं हं हं केलं. माझा त्या धर्माशी काही संबंध नाही. मला तेव्हा बाबांची वही आठवली, ती आता कुठे आहे ते घरात कोणालाच माहीत नाही.

तर वाचक महाशय, १८२० केलंय, बघून घ्या. पोटिसाच्या वाक्यात 'तिच्या सांगण्यानुसार' घातलंय, तुम्ही म्हणालात म्हणून नाही, आधीच घालायचं होतं. डिकिन्सनवर मी लिहीन तेव्हा लिहीन, फर्माईश म्हणून नाही, आणि फर्माईश म्हणूनच हवं असेल तर नारळ आणि अकरा रुपये.