मानमोडीचं कबुतर मेलेलं नसतं

गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "मान उलटी झालेलं, गोल फिरणारं कबुतर दिसलं तर हात लावू नका, ते वाचत नाही. घरात आणलं तर फुप्फुसं निकामी होतात. दया आलीच तर चोचीत हळद-दूध सोडा. माणसाचा हात लागलेल्या कबुतराला थवा परत घेत नाही."

हे वाचून आमच्या मंगळवार पेठेत एकीनं गच्चीवर पडलेलं कबुतर पोत्यात घालून कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी ठेवलं. ते जिवंत होतं. आज ते माझ्या मागच्या गॅलरीत आहे, म्हणून हे लिहिते.

'वाचत नाही' हे सरसकट खोटं आहे. कोंबड्यांच्या मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, जो विषाणू असतो त्याच्याच भावकीतला विषाणू कबुतरांना होतो. तो मेंदू-मज्जातंतूंवर जातो, म्हणून मान पिळते, तोल जातो, विष्ठा पाण्यासारखी पडते. विषाणू मारणारं औषध नाही, पण सांभाळलं तर बरीच कबुतरं काही आठवड्यांत सावरतात. बहुतेक जीव जातो तो भुकेनं. दाणा समोर दिसतो, चोच मात्र इंचभर बाजूला पडते. ज्वारीच्या ढिगात उभं राहून पाखरू उपाशी मरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मार लागल्यानं, विषबाधेनंही मान वाकडी होते, आणि घशात पिवळा दह्यासारखा थर असेल तर तो वेगळाच रोग, त्याला औषध आहे. म्हणून एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

हळद-दुधाचा सल्ला सगळ्यात घातक. पाखराला दूध पचत नाही. त्याहून वाईट म्हणजे वरून ओतणं. कबुतराच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं सरळ फुप्फुसात उतरतं. आधी ऊब द्यायची. कबुतराचं अंग निरोगी असतानाच 41 अंशांच्या आसपास असतं, आजारी पाखरू गार पडतं आणि गार अंगाला अन्न पचत नाही. पुठ्ठ्याचं खोकं, खाली जुना टॉवेल, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि अंधार. तास-दोन तासांनी खोलगट वाटीत पाणी पुढे करायचं. कबुतर चोच बुडवून ओढून पितं. चोचीचं टोक पाण्याला लावलं की बहुतेकदा त्याचं ते पितं. नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत.

मग भिजवून मऊ केलेले वाटाणे. पाखरू टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, चोच हलकेच उघडून एकेक दाणा जिभेच्या मागे ठेवायचा, गिळू द्यायचं. सकाळ-संध्याकाळ 30-40. त्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपायची. मागचं जिरलं नसेल तर थांबायचं. हे मला गल्लीतल्या एका पोरानं शिकवलं, त्याची ढाबळ, म्हणजे पाळीव कबुतरांचं खुराडं आहे. "काकी, घाई करू नगासा, त्याला गिळायला येळ द्या," एवढंच तो म्हणत राहिला. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला.

फुप्फुसांची भीती मात्र निराधार नाही. 2025 साली मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यातही हाच मुद्दा होता. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. घरात दमेकरी, तान्हं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर कबुतर आणूच नका, दुसऱ्याच्या हवाली करा. पण हवेशीर गॅलरीत एक आजारी पाखरू काही आठवडे ठेवणं म्हणजे कबुतरखान्यात राहणं नव्हे. कागद रोज बदलायचा, उचलण्याआधी पाणी शिंपडून ओला करायचा म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला मास्क, नंतर साबणानं हात. स्वयंपाकघरात खोकं नको. परड्यात कोंबड्या असतील तर त्यांच्यापासून पाखरू पूर्ण लांब ठेवा, रोग त्यांना लागू शकतो.

थव्याचं म्हणाल तर माणसाच्या वासानं कबुतरं कुणाला वाळीत टाकत नाहीत. ढाबळीतली कबुतरं रोज हातात घेतली जातात आणि थव्यातच उडतात.

माझं कबुतर सहाव्या आठवड्यात आहे. परवा त्यानं ज्वारीचे सात दाणे स्वतः टिपले, आठवा चुकला. कुकरची शिट्टी झाली की मान अजून पिळते. पावसाची झड थांबेपर्यंत आणि ते गॅलरीच्या कठड्यापर्यंत नीट उडेपर्यंत मी त्याला सोडणार नाही.