महासत्ता व्हायचंय? मग पावती दुसऱ्याच्या नावानं फाडायला शिका

थंडी पडली की आपल्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि तिसरी-चौथी पुरी पोटात गेली की कोणीतरी आप्पा जाहीर करतात, भारत आता महासत्ता होणार. हरकत नाही, होऊ या. पण झाल्यावर रोज सकाळी उठून करायचं काय, याची तयारी कोणी केली आहे? बाँब आहेत, रॉकेटं आहेत, घोषणा तर पोत्यानं आहेत. वागायचं कसं, ते कोणी शिकवत नाही.

आपल्याला अनुभव नाही असं मात्र समजू नका. खानदेश गेली दोनशे वर्षं महासत्तांचं गिऱ्हाईक आहे, आणि दुकानदाराची लबाडी जुन्या गिऱ्हाइकाइतकी कोणाला कळत नाही. तेव्हा हे मार्गदर्शन घ्या, विनामूल्य.

सगळ्यात आधी पावतीपुस्तक छापून घ्या. महासत्ता म्हणजे जिचा खर्च दुसरा करतो ती. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रज म्हणाले, तुमच्या रक्षणासाठी आमची सहा हजारांची तैनाती फौज ठेवतो. फौज आमची, हुकूम आमचा, खर्च तेवढा तुमचा. त्यासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून द्या. बाजीरावांनी दिला. सोळा वर्षांनी पेशवाई गेली आणि तिच्याबरोबर खानदेशही इंग्रजांकडे गेला. ही पद्धत जुनी झाली म्हणून नाक मुरडू नका. अमेरिकेच्या फौजेचा मुक्काम आपल्या देशात राहावा म्हणून दक्षिण कोरियानं २०२६ या एका वर्षासाठी १.५२ लाख कोटी वोन द्यायचं कबूल केलं आहे. इतकं देऊनही अधूनमधून ऐकावं लागतं, फुकटात राखण करून घेता!

जे तहाला बधत नाहीत त्यांना नोकरीला ठेवा. सातपुड्यातले भिल्ल ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींना सापडेनात, पलटणी तापानं फणफणून परत येत. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा तरुण अधिकारी आला. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या, आणि मग त्यांच्याच पोरांची भिल्ल पलटण उभी केली. ठाणं धरणगावला. आता डोंगरातल्या भिल्लांना धरायला पगारी भिल्ल निघाले. हा उपाय दरवेळी लागू पडेलच असं नाही म्हणा. सेंधव्याच्या घाटात राखणीला ठेवलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटलेच.

आता केळीवाल्यांसाठी खास. रावेर, यावल, सावदा, फैजपूरच्या मंडळींनी कान इकडे द्यावा. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथं युनायटेड फ्रूट ही अमेरिकी कंपनी केळी काढायची. जमीन तिची, रेल्वे तिच्या हातात, बंदरावर ताबा तिचा, आणि जमिनीतली बहुतेक पडीक. १९५२ मध्ये हाकोबो आर्बेन्झ यांच्या निवडून आलेल्या सरकारनं कायदा केला की मोठ्या मालकांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायची, भरपाई देऊन. भरपाई किती? कर भरताना मालकानं स्वतःच जी किंमत लिहून दिली असेल तेवढी. इथं हसू आलं असेल, तर खरेदीखतात एक आकडा आणि पिशवीत दुसरा हा प्रकार ज्यांनी कधीच केला नाही त्यांनीच हसावं.

कंपनीनं कर वाचवायला किंमत अगदी मातीमोल दाखवलेली. सरकारनं हिशेब करून सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर पुढे ठेवले. कंपनीच्या वतीनं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मागितले १ कोटी ५८ लाख. लक्षात घ्या, मागणी कंपनीनं नाही, देशानं केली. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या जुन्या वकिली फर्मनं या कंपनीची कामं केलेली होती, आणि सीआयएचे प्रमुख त्यांचे सख्खे भाऊ.

यातला मुख्य धडा असा, की ‘आमच्या कंपनीची पडीक जमीन गेली’ असं कधीही म्हणायचं नाही. ‘साम्यवाद आला’ म्हणायचं. कंपनीनं एडवर्ड बर्नेज हा जाहिरातीतला वस्ताद आधीच नेमलेला होता. त्यानं अमेरिकी पत्रकारांना ग्वाटेमालात फिरवून आणलं, खाऊपिऊ घातलं, आणि वर्तमानपत्रांना आपोआप लाल रंग दिसू लागला. मग १९५४ च्या जूनमध्ये सीआयएनं पोसलेले काहीशे बंडखोर सीमा ओलांडून आले. लढाई थोडी आणि रेडिओ फार. प्रचंड सैन्य राजधानीकडे निघाल्याच्या बातम्या रेडिओवरून सोडल्या गेल्या, वरून थोडी विमानं फिरली. २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. जमीन कंपनीला परत. पुढे त्या देशात १९६० ते १९९६ यादवी चालली, सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुतेक माया आदिवासी. १९९९ मध्ये बिल क्लिंटन तिथं गेले आणि अमेरिकेचं चुकलं असं म्हणाले. पंचेचाळीस वर्षांनी मागितलेल्या माफीवर व्याज लागत नाही, हेही वहीत टिपून घ्या.

कोर्टाची भीती बाळगू नका. निकाराग्वातल्या बंडखोरांना पोसल्याच्या खटल्यात १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. निकाल पाळा, एवढं सांगणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तर अमेरिकेनं नकाराधिकार वापरला. संपलं.

उपकार करायचे तर आखूड दोरीनं बांधून करा. पी.एल. ४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली आपल्याकडे अमेरिकी गहू यायचा. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी तो महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली, कारण एक म्हणजे आपण शेतीकडे नीट लक्ष द्यावं, आणि दुसरं, व्हिएतनामवर दिल्लीनं तोंड आवरावं. या गव्हाचे पैसे आपण रुपयांत भरत होतो. ते रुपये इथंच साठले, इतके की १९७४ मध्ये त्यातले १,६६४ कोटी अमेरिकेनं एका चेकनं आपल्याला परत दिले. आपलेच पैसे, वर धन्यवाद आपणच म्हणायचे! १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना उपकाराची चव वेगळी सांगायला नको.

डॉलरचं प्रकरण केळीवाल्यांना चटकन समजेल. बाग आपली, घड आपला, पण भाव बऱ्हाणपूरच्या बोर्डावर लागतो, तसंच हे. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सननी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, तरी बोर्ड त्यांच्याच ओट्यावर राहिलं. नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळाच्या आसपास आहेत. बाकीचं गणित चौथीतला पोरगा करील.

कापसाला तर दीडशे वर्षांपूर्वीच धडा मिळालाय. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये त्यांचं भांडण मिटलं आणि आपला भाव आपटला. नव्या काळातली रीत याहून सुबक आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरमसाट अनुदान देते म्हणून ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. तेव्हा अमेरिकेनं काय केलं? अनुदान चालू ठेवलं आणि २०१० पासून ब्राझीलच्याच कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ केले. माली, बेनिन, चाड, बुर्किना फासो हेही तेच रडत होते, पण त्यांच्या हातात उलटा फटका मारायला काही नव्हतं, म्हणून त्यांना सहानुभूती मिळाली.

दंड लावतानाही हेच पाहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्या मालावर अमेरिकेत जादा २५ टक्के कर बसला, एकूण ५०. रशियाचं तेल आपल्याहून जास्त घेत होता चीन, पण त्याच्याकडे दुर्मीळ खनिजं आहेत, म्हणून त्याला तेव्हा तेलाचा दंड झाला नाही. आणि त्याच महिन्यात दिल्लीनं परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला, पुढे ती सवलत डिसेंबरपर्यंत लांबवली. कापड गिरण्या खूश. चोपडा-पारोळ्याकडं कपाशीला तेव्हा बोंडं धरत होती. पावती कोणाच्या नावानं फाटली ते काटेवाल्याला विचारा.

नुसत्या अमेरिकेचंच कौतुक केलं तर बाकीची दुकानं रुसतील. चीननं श्रीलंकेत हंबनटोटा बंदर बांधायला कर्ज दिलं, आणि २०१७ मध्ये तेच बंदर ९९ वर्षांच्या भाड्यानं चिनी कंपनीकडे गेलं. सोव्हिएत संघ १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घेऊन गेला, पण आपल्याकडे त्यानं मराठीत छापलेली गुळगुळीत कागदाची स्वस्त गोष्टींची पुस्तकं पाठवली. त्यामुळे त्या रणगाड्यांबद्दल आमच्या पिढीला आजही नीट राग येत नाही. अशी गुंतवणूक हवी.

आणि आपण अगदीच कोरे नाही. २०१५ च्या सप्टेंबरात नेपाळनं आपल्याला न आवडलेली राज्यघटना मंजूर केली, आणि सीमेवर पेट्रोल-गॅसचे ट्रक अडले. नेपाळ म्हणाला नाकेबंदी. आपण म्हणालो, छे, तुमच्याच बाजूच्या आंदोलकांनी अडवलेत, आमचं काय जास! भाषा अस्सल महासत्तेची होती. काठमांडूत लोक लाकडावर स्वयंपाक करत होते, भूकंपाला अजून वर्षही झालं नव्हतं. मार्च २०१६ मध्ये त्यांचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनमधून मालाची ने-आण करण्याचा करार करून आले. पावती फाडताना आपण कार्बन उलटा लावला होता.